सीताफळाला फुलं लय येतात पण फळ धरत नाही? मग हे करून बघा

परड्यात सीताफळाचं झाड आहे, चांगलं डोक्याच्या वर गेलंय, दरवर्षी उन्हाळ्यात फुलांनी लगडतं आणि दिवाळीला मोजून चार-सहा फळं मिळतात, तीपण एका बाजूला चपटी, असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोल्हापुरात ही तक्रार लय ऐकायला मिळते. कुणी म्हणतं झाड वांझ आहे तोडून टाका, कुणी बुंध्यात खिळे ठोकायला सांगतं, कुणी आणखी दोन ओंजळी युरिया टाका म्हणतं. यातलं काहीच करू नका. झाडाला फूल आलं म्हणजे झाडानं त्याचं काम केलं, पुढं पराग जागेवर पोचवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं आणि आपल्या गल्लीबोळातल्या घरांमध्ये ते करणारं कुणी उरलेलं नसतं. ते काम हातानं करता येतं, एक बारीक ब्रश आणि एक छोटी डबी लागते, आणि ज्याला चष्मा लावून का होईना फुलाच्या आत नीट दिसतं त्या कुणालाही जमतं. झाड लावण्यापासनं फळ उतरवण्यापर्यंत सगळं सांगणार आहे, पण आधी फुलाचंच, कारण खरी मेख तिथंच आहे.

सकाळी लवकर झाडाखाली जा आणि एक फूल हातात धरून नीट बघा. फूल खाली तोंड करून लोंबतं, तीन जाडसर, लांबट, हिरवट-पिवळ्या पाकळ्या असतात, पाकळ्यांच्या आत बुडाशी जांभळट डाग असतो. पाकळ्या बाजूला केल्या की आत एक अगदी छोटा सुळका दिसतो. सुळक्याच्या टोकाकडचा भाग मादीचा, म्हणजे तिथं एकमेकाला चिकटून लय बारीक बारीक स्त्रीकेसर असतात, आणि त्याच्या बुडाशी गोल कडं केल्यासारखे पुंकेसर दाटीनं बसलेले असतात. म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही आहेत, मग अडचण काय, तर दोघांची वेळ जुळत नाही. फूल आधी मादी असतं. पाकळ्यांची टोकं नुसती उकललेली असतात, आतला सुळका ओलसर चमकतो, बोट लावलं तर चिकट लागतो, आणि पुंकेसर अजून पांढरे, घट्ट बसलेले असतात. साधारण दुसऱ्या दिवशी तेच फूल नर होतं, पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर सैल होऊन क्रीम रंगाचे दिसायला लागतात, फुलाला टिचकी मारली की पिठासारखी भुकटी पडते, पण तोपर्यंत मादीचा चिकटपणा वाळून गेलेला असतो. त्यामुळं फुलाचे पराग त्याच फुलाच्या कामाला येत नाहीत, आज नर झालेल्या फुलाचे पराग आज मादी असलेल्या दुसऱ्या फुलाला लागायला पाहिजेत.

हे काम निसर्गात मधमाशी करत नाही. फूल खाली लोंबतं, अर्धवट मिटलेलं असतं, आत मध नसतो, मधमाशी कशाला येईल. ते करतात तिळाएवढे तपकिरी भुंगेरे, जे कुजक्या-पिकल्या फळांच्या वासानं येतात आणि फुलाच्या आत शिरून बसतात. डोंगरकपारीला, जिथं खाली पालापाचोळा आणि पडकी फळं कुजत असतात तिथं हे भुंगेरे भरपूर, म्हणून रानातली सीताफळं आपली आपण धरतात. आपल्या घरी परडं रोज झाडून स्वच्छ, खाली फरशी किंवा सिमेंट, वर शेजारच्या उसावर नाहीतर भाजीवर कीटकनाशकाची फवारणी, मग भुंगेरे राहणार कुठं.

आता फळ चपटं का होतं तेपण यातच आहे. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे आतला एकेक स्त्रीकेसर. ज्याला पराग लागला तो डोळा फुगतो, त्याच्यात बी आणि गर धरतो, ज्याला लागला नाही तो तसाच बसून राहतो. एखादं वाकडं फळ मधनं कापून बघा, फुगलेल्या बाजूला बिया आहेत आणि चपट्या बाजूला जवळजवळ नाहीत. म्हणून वाकड्या फळावर खत-पाण्याचा उपाय चालत नाही, ते फळ फुलात असतानाच वाकडं झालेलं असतं.

मग हातानं परागीकरण कसं करायचं ते सांगतो. चित्रकलेचा गोल टोकाचा मऊ ब्रश घ्या, दोन किंवा तीन नंबरचा, आणि झाकण असलेली कोरडी छोटी डबी, आतनं काळी किंवा गडद रंगाची असली तर पराग दिसायला सोपं जातं. वेळ सकाळची, साधारण साडेसहा ते नऊ-साडेनऊ, ऊन चढलं की सोडून द्यायचं कारण सुळका वाळतो. आधी झाडावरची पूर्ण फाकलेली, पुंकेसर सैल झालेली फुलं तोडायची आणि डबीवर धरून हलक्या हातानं टिचकी मारायची किंवा ब्रशनं खरवडायचं, पराग आणि पुंकेसर दोन्ही डबीत पडतील, पडू द्या, निवडत बसू नका. ही फुलं तशीही एक-दोन दिवसांत गळणार असतात. मग पाकळ्यांची टोकं नुसती उघडलेली फुलं शोधायची. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं पाकळी हळूच बाजूला करायची, ब्रश आत जात नसेल तर तीनपैकी एक पाकळी मोडून टाकली तरी चालतं, फळाला काही होत नाही. ब्रश परागात बुडवून सुळक्यावर गोल फिरवायचा, एका बाजूला टेकवून सोडायचं नाही, सगळीकडनं फिरला पाहिजे, दोन-तीन वेळा. नुसता टोकाला ब्रश लावून पुढं गेलात तर तेच वाकडं फळ परत मिळेल. झालं की देठाला रंगीत दोरा सैल बांधा म्हणजे कुठली फुलं केली ते कळतं आणि हाताला विश्वास येतो.

पराग ताजेच वापरायचे, त्याच सकाळचे. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यानं वापरू असं चालत नाही, त्यांचा जोर लय लवकर जातो. डबी ओली असली तरी पराग गोळा होऊन बसतात, म्हणून डबी आणि ब्रश दोन्ही कोरडे पाहिजेत. घरात एकच झाड असलं तरी चालतं, कारण एका झाडावर रोज सकाळी थोडी फुलं नर आणि थोडी मादी असतातच, फक्त बहर जोरात असताना करायचं. शेजारच्या झाडाचे पराग मिळाले तर ते पण घ्या.

फूल धरलं की नाही ते आठवड्याच्या आत कळतं. न धरलेलं फूल देठासकट गळतं, धरलेल्याच्या पाकळ्या गळतात आणि दोऱ्याच्या जागी हिरवं बारीक बोंड राहतं. फुलं निवडताना जाड फांदीवरची, झाडाच्या आतल्या बाजूची, थोड्या सावलीतली निवडा. शेंड्याच्या काडीएवढ्या बारीक फांदीवर फळ धरवलं तर ते वजनानं वाकतं, उन्हात भाजतं. आणि हाव करू नका, हे मनापासनं सांगतो, कारण एकदा हात बसला की दिसेल त्या फुलावर ब्रश फिरवावासा वाटतो. तीन-चार वर्षांच्या झाडाला वीस-पंचवीस फळं लय झाली, मोठ्या झाडाला साठ-सत्तर. जास्त धरली तर फळं लिंबाएवढी राहतात आणि पुढच्या वर्षी झाड दम धरत नाही. एका ठिकाणी दोन-तीन बोंडं चिकटून धरली असली तर चांगलं एक ठेवून बाकीची काढून टाकायची.

कोल्हापूरच्या हवेत वेळ कुठली साधायची हे महत्त्वाचं आहे. एप्रिलमध्ये फुलं दिसायला लागतात पण कोरड्या उन्हात सुळका दुपारपर्यंत करपतो, त्यामुळं एप्रिलच्या कडक उन्हातली फुलं गळाली तर जीवाला लावून घेऊ नका. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये वळीव होतो, दुपारनंतर ढग येतात, तासभर झोडपून काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत छान दमटपणा असतो, ती सकाळ सोडायची नाही. वळवानंतरचे दोन-तीन दिवस आणि मग मृगाच्या सुरुवातीची उघडीप, ह्या दिवसांत धरलेलं फूल टिकतं. वळीव झालाच नाही तर आदल्या संध्याकाळी झाडाखाली भरपूर पाणी द्या, उसाच्या पाचटाचं आच्छादन भिजवा, झाडाभोवती दमटपणा राहतो. जूनच्या शेवटी-जुलैत पाऊस लागून राहिला की पराग भिजतात, तेव्हा ब्रश घेऊन पावसात उभं राहण्यात अर्थ नाही, एखादी कोरडी सकाळ मिळाली तर तेवढी वापरायची.

ज्यांना हातानं करायला वेळ नाही त्यांनी निदान भुंगेऱ्यांना तरी बोलवा. फुलांच्या दिवसांत झाडाखाली पिकलेल्या केळ्याच्या, अननसाच्या साली नारळाच्या करवंटीत घालून ठेवा, पालापाचोळा थोडा राहू द्या, आणि फुलं असताना झाडावर कुठलंही कीटकनाशक मारू नका. फळं धरली की त्या साली उचलून टाका, नाहीतर त्याच वासावर फळमाशी पण येते. याने फरक पडतो पण ब्रशएवढा नाही.

आता ज्यांना नवीन झाड लावायचंय त्यांच्यासाठी. सीताफळ हे मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं छोटं झाड, वाढू दिलं तर पंधरा-वीस फूट जातं, पण छाटून आठ-दहा फुटात ठेवता येतं, म्हणून बंगल्याच्या बाजूच्या पट्ट्यात सुद्धा बसतं. शेळ्या-मेंढ्या त्याची पानं खात नाहीत, त्यामुळं बांधावर, माळावर विनाकुंपणाचं लावलं तरी टिकतं. पाणी कमी असलं तरी जगतं. एकच गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी, आणि आपल्या जिल्ह्यात नेमकं तेच जास्त.

कोल्हापूर जिल्हा एकसारखा नाही हे आपल्याला माहीत आहे, गगनबावडा-राधानगरीचा पाऊस आणि शिरोळ-हातकणंगल्याचा पाऊस यांची तुलनाच नाही. हातकणंगले, कागल या भागातला मुरमाड माळ सीताफळाला एक नंबर, तिथं उसाला पाणी पुरत नाही म्हणून पडून असलेली जमीन असेल तर बिनधास्त लावा. पंचगंगेच्या काठची काळी कसदार जमीन, जिथं ऊस डोलतो, तिथं सीताफळ रडतं, कारण ती माती पाणी धरून ठेवते, आणि २०१९ आणि २०२१ ला जिथं महापुराचं पाणी दिवसेंदिवस उभं होतं तिथं तर लावूच नका. शिरोळकडच्या खारपड झालेल्या रानात पण नको. गगनबावडा, शाहूवाडीच्या पश्चिमेला, भुदरगडच्या घाटाकडच्या बाजूला पावसाळा एवढा लांबतो की फळं झाडावरच काळी पडतात, तिथं माझं स्पष्ट मत आहे की सीताफळाचा हट्ट सोडून कोकम, जांभूळ, फणस लावावा. शहरात कळंबा, राजारामपुरी, बावड्याच्या बाजूला घराजवळ एक-दोन झाडं लावायची असतील तर जमतात, फक्त पाणी निघून जायची सोय पाहिजे.

काळ्या मातीत खोल खड्डा काढून त्यात चांगली माती भरायची हा सल्ला सगळे देतात, पण चिकण काळ्या रानात तो खड्डा म्हणजे विहीरच होते, सगळीकडचं पाणी झिरपून त्यात येतं आणि रोपाची मुळं कुजतात. तिथं खड्डा खोदूच नका, जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच आणि चार फूट रुंद मातीचा उंचवटा करा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा, आणि त्याच्यावर रोप लावा. मुरमाड माळावर मात्र दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्यायचा, मग वरची माती, दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि मूठभर ट्रायकोडर्मा (मुळकूज रोखणारी मित्रबुरशी) मिसळून भरायचा. साखर कारखान्याची मळी मिळाली तर पूर्ण कुजलेलीच वापरा, कच्ची मळी मुळाशी गरम होते. दोन झाडांत पंधरा-सोळा फूट अंतर ठेवा. माळावर जूनच्या पहिल्या पावसात लागण करा, शहरात आणि भारी जमिनीत मात्र ऑगस्टच्या शेवटी पावसाचा जोर ओसरल्यावर लावलेलं बरं, नवीन रोपाला जुलैची झड सोसत नाही.

रोप बियांचं लावायचं का कलम. बियांपासनं झाड होतं, लागायला तीन-चार वर्षं घेतं, पण फळ आईसारखं येईलच असं नाही. कलम दोन-तीन वर्षांत फळ देतं आणि जात खात्रीची मिळते, म्हणून पैसे घालायचेत तर कलमच घ्या, आणि कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतनं पावती घेऊन घ्या. घेताना जोड बघा, जोडाची प्लॅस्टिक पट्टी सालीत रुतलेली नको, पिशवीच्या तळाला मुळांची गुंडाळी झालेली नको. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाच्या खालनं जी फूट येईल ती दिसली की लगेच मोडायची, ती रानटी असते आणि वरचं कलम खाऊन टाकते. लय घरांत वरचं कलम कधीच मेलेलं असतं आणि लोक खालच्या फुटीलाच जातिवंत झाड समजून वाढवत असतात.

जातींमध्ये बाळानगर ही जुनी आणि भरवशाची, फळ मोठं, आपल्या राज्यात भरपूर लागवड आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले पुरंदर आणि फुले जानकी आहेत. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी तयार केलेली एनएमके-१ गोल्डन सध्या सगळ्यात चर्चेत आहे, फळ सोनेरी रंगाचं, गर जास्त, आणि बाळानगरपेक्षा उशिरा तयार होतं. कोल्हापूरकरांसाठी मला हा उशीरच आवडतो, कारण फळ पक्व व्हायच्या वेळी पाऊस थांबलेला असतो आणि काळे डाग कमी पडतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सहन ही संकरित जात आहे, बिया लय कमी, गोडी जबरदस्त, तोडल्यावर पिकायला आठवडाभर घेते, पण ती आपली आपण नीट धरत नाही, तिला गावठी सीताफळाचे पराग हातानं लावावे लागतात. म्हणजे ज्याला ब्रश चालवायची तयारी आहे त्यानंच अर्का सहन लावावी आणि शेजारी एक गावठी झाड ठेवावं. चव तपासायची असेल तर बीडची सीताफळं मिळाली तर खाऊन बघा, बालाघाटच्या डोंगरातल्या त्या फळाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, जात निवडताना गोडी कशाला म्हणायचं ते तोंडाला कळतं.

छाटणीकडं लोक दुर्लक्ष करतात, आणि न छाटलेलं झाड वीस फुटावर गेलं की ब्रश कुठं पोचणार. पहिल्या वर्षी रोप दोन-अडीच फुटावर खुडा म्हणजे फुटवे येतील, त्यातले चारी दिशेला तीन-चार ठेवा. पुढं दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ होते तेव्हा, झाड विश्रांतीत असताना, आडव्या-तिडव्या, वाळक्या, आत घुसलेल्या फांद्या काढा, मध्ये ऊन शिरलं पाहिजे. त्याच वेळी झाडावर वाळून काळी झालेली जुनी फळं, ज्यांना दगडफळ म्हणतात, ती सगळी काढून जाळा, रोग तिथनंच पुढच्या वर्षी उतरतो. कापलेल्या जाड फांदीवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. मग झाडाभोवती आळं करून दोन-तीन पाट्या शेणखत द्या आणि हलकं पाणी सुरू करा, मार्चमध्ये नवी पालवी येते आणि पुढं तिच्यावर फुलं येतात. पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला २५० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद आणि १२५ ग्रॅम पालाश अशी साधारण शिफारस असते, म्हणजे अर्धा किलोच्या थोडा वर युरिया, पाऊण किलो सुपर फॉस्फेट आणि दोनशे ग्रॅम पोटॅश, नत्र दोन वेळा विभागून. घरचं एकच झाड असेल आणि शेणखत भरपूर घालत असाल तर याच्या निम्म्यावर भागतं. नुसता युरिया घालू नका, झाड पानांनी गच्च होतं आणि पिठ्या ढेकूण या किडीला आमंत्रण मिळतं.

आणि पाचट. आपल्याकडं उसाचं पाचट जाळतात ते बघून जीव तुटतो. दोन गाठोडी आणून झाडाखाली अर्धा फूट जाड पसरा, बुंध्यापासनं वीतभर लांब. ओल टिकते, तण कमी होतं, भुंगेऱ्यांना घर मिळतं. फळ धरल्यापासनं फुगेपर्यंत ओल एकसारखी पाहिजे, नाहीतर ऑगस्टमध्ये पाऊस ताण देतो आणि सप्टेंबरमध्ये एकदम झोडपतो तेव्हा फळं तडकतात, ते तडकणं पाचटानं बरंच कमी होतं.

रोग-किडीत पहिला नंबर पिठ्या ढेकणाचा. डोळ्यांच्या फटीत पांढरा कापसासारखा थर बसतो, त्याच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि फळ विकायच्या काय, पाहुण्याला द्यायच्या लायकीचं राहत नाही. त्याला वर नेऊन बसवतात मुंग्या, म्हणून आधी मुंग्या थांबवा. बुंध्याला वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून त्या पट्टीवर ग्रीस लावा, सालीला डायरेक्ट ग्रीस लावू नका. झाडाची फांदी भिंतीला किंवा तारेला टेकत असेल तर ती छाटा, मुंग्या तिथनं येतात. ढेकूण दिसायला लागला की पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून, पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी लिटरला पाच ग्रॅम छान काम करते. फवारायच्या आधी एक गोष्ट नीट बघा. ढेकणांमध्येच एखादी मोठी, पांढरी, झुबकेदार अळी जोरात पळताना दिसली तर तिला हात लावू नका, ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी, ती ढेकूण खायला आलेली असते. दिसायला दोघं सारखेच, पण ढेकूण जवळजवळ हलत नाही आणि ही धावते.

पावसाळ्यात फळावर काळे खोलगट डाग पडून फळ दगडासारखं वाळतं, ती करपा बुरशी. छाटणीनंतर एकदा आणि फळं सुपारीएवढी झाल्यावर उघडीप बघून एकदा एक टक्का बोर्डो मिश्रण मारा. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादलीत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र ओता आणि ढवळा, त्याच दिवशी संपवा. त्यात घासलेली लोखंडी सुरी क्षणभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा रक्षक सापळा फळं तोडायला यायच्या महिना-दीड महिना आधी टांगा. त्यात नर माश्या सापडतात, पण घरच्या झाडाला सगळ्यात खात्रीचं म्हणजे फळ पेरूएवढं झालं की कापडी किंवा कागदी पिशवी बांधणं, माशी, खार, वटवाघूळ सगळ्यांपासनं वाचतं. पन्हाळ्याच्या बाजूला माकडांचा विषय वेगळा आहे, तिथं पिशवी पुरत नाही, फळ दोन-तीन दिवस आधी उतरवून घरातच पिकवा.

फूल धरल्यापासनं साधारण चार महिन्यांत फळ तयार होतं, म्हणजे आपल्याकडं दसरा ते दिवाळी. झाडावर पिकायची वाट बघू नका, डोळे मोठे होऊन एकमेकांपासनं सुटायला लागले आणि दोन डोळ्यांमधल्या भेगा पिवळट-पांढऱ्या दिसल्या की कात्रीनं थोडा देठ ठेवून कापा, ओढू नका. भेगा हिरव्या असताना तोडलेलं फळ मऊ होतं पण गोड होत नाही. भाताच्या पेंढ्यात किंवा कागदात एका थरात ठेवा, तीन-चार दिवसांत पिकतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, साल काळी पडते आणि मग ते नीट पिकतच नाही. पिकलेलं एखादा दिवस ठेवलं तर चालतं.

जास्त फळं एकदम पिकली तर गर काढून ठेवा. पुरणाच्या चाळणीवर हलक्या हातानं फिरवला की बिया वर राहतात, मिक्सरला बिया लावू नका. गर लिंबाचे दोन थेंब घालून लगेच डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका, उघडा ठेवला की तपकिरी होतो. बासुंदी करताना दूध आटवून पूर्ण गार करायचं आणि मगच गर मिसळायचा, गर गरम केला की कडवट होतो, सगळी बासुंदी वाया जाते.

राहिल्या बिया. त्यांची पूड उवांवर लावायचा जुना उपाय अजून काही घरांत चालतो, तो करू नका, ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. चुकून एखादी अख्खी बी गिळली तर घाबरायचं कारण नाही, पण फोडलेली बी विषारी असते, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका. कलम बांधायच्या खुंटासाठी रोपं करायची असतील तर चांगल्या मोठ्या फळाच्या बिया धुऊन सावलीत वाळवा, दोन-तीन महिने ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन दिवस पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून, पिशवीत पेरा. ताज्या बिया लगेच पेरल्या तर लय उशिरा आणि विरळ उगवतात, आणि भिजवलेल्यांना सुद्धा महिना-दीड महिना लागतो, तोपर्यंत पिशवी उकरून बघायची नाही.